खोतांच्या चार गौराबाई

ठकीला खालचे दोन दात फुटले होते. दूध पिता पिता ती मधेच असा चावा घ्यायची की हिरूच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. चावून झालं की मान वर करून आईचं तोंड बघायची, त्या दोन दातांनी हसायची आणि परत पदराखाली गुडूप. असल्या लबाड पोरीला रागवावं तरी कसं? हिरू तिचं जावळ फुंकरीने उडवत बसली होती, तेवढ्यात मोहोपाड्याच्या त्या चाळीच्या दारात खोतांचा गडी गोमा येऊन उभा राहिला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात नवं कोरं हिरवं लुगडं.

"आबांनी बोलावलंय," तो म्हणाला. "थोरली लेक म्हून."

कारखान्यातल्या गजाशी लग्न करून हिरू इथे आली, तेव्हापासून खालापूरच्या माहेरघरातून एकाही दिवाळीचं बोलावणं नव्हतं. ठकी झाल्याचं कळवलं तेव्हा तिकडून डिंकाचा एक लाडूही आला नव्हता. आणि आता एकदम लुगडं. हिरूने ते हातात घेतलं नाही, पण नकोही म्हणाली नाही. गोम्याला चहा दिला आणि आबांनी काय काढलंय ते त्याच्याकडून हळूहळू सोलून घेतलं.

कर्जतला वाचनालयाच्या माडीवर जुन्या वस्तूंचं संग्रहालय निघत होतं. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या ओगले मास्तरांनी गावोगाव हिंडून वीरगळ, लाकडी मुखवटे, समया, तलवारी असलं काय काय गोळा केलं होतं. त्यात आबा खोतांनी आपल्या देवघरातले चार चांदीचे टाक द्यायचं कबूल केलं होतं. टाक म्हणजे तळहातावर मावेल एवढा चांदीचा पत्रा, आणि त्यावर ठोकून उठवलेली बाई, हातात वाटी, डोक्यावर चंद्र-सूर्य. खोतांच्या घरात थोरली सून अहेवपणी गेली की तिचा टाक घडवून देवात ठेवायचे. चार पिढ्यांचे चार टाक. दर वेळी सोनारापुढे आधीचा टाक ठेवायचा आणि अगदी तस्साच कर म्हणून ताकीद द्यायची, त्यामुळे चारही बाया एका मुशीतल्या. त्यातून चौघींचं नावही एकच. गौराबाई.

कारण त्या घरात थोरली सून आली की तिचं नाव गौराच ठेवायचं. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने तेच नाव लिहायचं, मग पोरगी माहेरची कोणी का असेना. एक गौरा गेली की दुसरी यायची. "आमच्यात गौराबाई मरत नाय," असं आबा मिशीवरून हात फिरवत पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे.

हिरूने मात्र एक गौराबाई मरताना पाहिली होती.

तेव्हा ती लहान होती, परकर वर खोचून आईच्या मागे मागे फिरायच्या वयाची. आई दुसऱ्या वेळची अडली होती. पोर आडवं आलंय, खोपोलीच्या डॉक्टरकडे न्या, आत्ताच्या आत्ता न्या, असं सुईण ओरडून सांगत होती. गोठ्यात बैलांची जोडी उभी होती, खाऊन पिऊन चकचकीत. आबा ओटीवर पान लावत बसले होते. "उद्या शर्यत हाय," ते म्हणाले. "बैल दमवायचे नायत." मग चौघांनी आईला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि भर दुपारी पाताळगंगेच्या काठाकाठाने चालत निघाले. हिरू झोळीमागे पळत होती. झोळीतून आईचा हात बाहेर आला होता, तो हलत होता, आणि एका आंब्याखाली तो हलायचा थांबला. खोपोली अजून लांब होती.

दुसऱ्या दिवशी बैल धावले. पहिले आले. आबांना फेटा बांधला, आणि घरात सुतक असताना तो फेटा खुंटीवर डौलात बसला.

तेरावं व्हायच्या आधी सोनार येऊन गेला. पाठोपाठ नवी आईही आली. तिचं माहेरचं नाव विमल, पण ताटात नाव लिहिलं गौरा. पहिलीचा टाक काळ्या गोफात ओवून तिच्या गळ्यात घातला, कारण दुसरेपणाच्या बाईने सवतीला गळ्यात बाळगायचं असतं. हिरू रडायला लागली तशी आबांनी तिचा दंड धरून तिला विमलपुढे उभी केली. ही तुझी आई, हिचं नाव गौरा, आपल्याकडे कोणी मेलेलं नाही. हिरूने विमलच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. विमलने हात काढून घेतला नव्हता, पण ते हिरूने तेव्हा कुठे पाहिलं?

आईचं खरं नाव चिंधी. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ही तरी जगू दे, काळाची नजर नको पडायला, अशा मायेने ठेवलेलं नाव. खोतांच्या घरात त्या नावाची लाज वाटायची. आईची आई मरेपर्यंत हिरूला मांडीवर घेऊन ते नाव पुटपुटायची, जसं काही चोरून खडीसाखर द्यावी. आजीही गेली. आता हे नाव जगात दोघातिघांच्याच तोंडात उरलं होतं.

आणि आबा ते काचेखाली कायमचं पुरायला निघाले होते. चार टाक, चार पाट्या, चारी पाट्यांवर गौराबाई.

टाक देवघर सोडतात तेव्हा घरच्या थोरल्या लेकीने, आणि तीही सवाष्ण हवी, त्यांची ओटी भरायची, त्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. एवढ्यासाठी लुगडं आलं होतं. शिवाय गोम्याकडून कळलं ते असं, की गर्दी व्हावी म्हणून आबांनी बाजारात दवंडीच पिटवली होती: मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ज्या सवाष्णीला गौराबाईंची ओटी भरायची असेल तिने कर्जतला यावं, खोतांकडून जेवण आहे.

संध्याकाळी गजा कामावरून आला, त्याने लुगड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, परत पाठव, आपलं काय अडलंय त्यांच्यावाचून. हिरू म्हणाली, "नाय. मी जानार हाय." गजाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. सापाने डूख धरावा तशी ही बाई इतकी वर्षं गप्प होती, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. त्याने ठकीला उचलून घेतलं.

पण चार टाक होते आणि हिरूला एकच नाव माहीत होतं. बाकीच्या तिघी कोण, कुठल्या? ते विचारायला ती खतीजाचाचीकडे गेली. खालापूर, चौक, कर्जत या सगळ्या पट्ट्यात बांगड्या भरायला चाचीच फिरायची, तिच्या आधी तिची सासू, सासूच्या आधी सासूची सासू. चाचीने ठकीच्या मनगटात दोन काळ्या बांगड्या सरकवल्या, पैसे घेतले नाहीत आणि डोळे बारीक करून बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "बाई बांगड्या भरताना हात आमच्या हातात देते ना गं, तेव्हा ती सासरचं नाव कधीच सांगत नाय. माहेरचंच सांगते." सासूच्या तोंडून ऐकलेली तीन माहेरं तिने सांगितली. कडाव, चौक आणि नेरळजवळचं एक गाव.

मग हिरू एस.टी.ने हिंडली. कडेवर ठकी, पिशवीत लंगोट आणि पेजेचा डबा. पोर गाडीत झोपायची आणि उतरलं की जागी व्हायची.

कडावला आबांच्या आईची धाकटी बहीण अजून होती. सोनुबाई, कमरेत पार वाकलेली, अंगणात भात वाळत घालत होती. गौराबाई म्हटल्यावर तिला काही कळेना. "गौरा कोन? आमी गौरा नाय दिली, गोदू दिली," ती म्हणाली. "ताई तिकडं गेली नि तिचं नावच बंद झालं. माझी आई मरताना गोदूला बोलवा बोलवा म्हनत होती. खोतांनी सांगून धाडलं, आमच्यात गोदू कोनी नाय." एवढं बोलून ती परत भात पसरायला लागली, पण हात एकाच जागी फिरत राहिला.

चौकला आबांच्या आजीचं माहेर. तिथे तिला पाहिलेलं कोणी नव्हतं, पण घरातल्या बाया जात्यावर बसल्या की अजून बायजाच्या नावाची ओवी म्हणत, ही बायजा कोण ते न कळताच. हिरूने सांगितलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि नेरळकडच्या गावात, जिथली सगळ्यांत जुनी गौराबाई, तिथे एक भाताचं खाचर होतं. लोक त्याला मथीचं खाचर म्हणत. बापाने लेकीला आंदण म्हणून काढून ठेवलेलं; खोतांनी नकोय म्हणून कळवलं, पण भावांनी त्याचं नाव बदललं नाही.

तिन्हीकडे हिरूने एकच सांगितलं. गुरुवारी या. खोतांनीच सवाष्णींना बोलावलंय, मग तुमच्या बाईची ओटी तुमी भरा. भरली ओटी घेऊन आलेल्या बाईला कोणी दारातून परतवत नाही, हे आपल्याकडे लहान पोरही जाणतं.

परतताना ती कर्जतला उतरली आणि ओगले मास्तरांना भेटली. मास्तर एका मुखवट्यावरची धूळ कुंचल्याने झाडत होते. ठकीने मुखवटा बघून भोकाड पसरलं, तेव्हा त्यांनी तो पालथा ठेवला. पाट्या कशा लिहिता, एवढंच हिरूने विचारलं. मास्तर म्हणाले, वस्तू देणारा स्वतः सांगतो आणि मी सगळ्यांसमोर बोरूने लिहितो. मागे एका तलवारीवरून दोन भाऊ भांडत आले होते, तेव्हापासून हीच पद्धत. वस्तू एखाद्या माणसाची असेल, तर त्याचं नाव त्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसाने सांगायचं.

"बायकोचं?" हिरूने विचारलं.

"नवरा हयात असेल तर नवऱ्याने."

गुरुवारी सकाळी हिरू हिरवं लुगडं नेसून खालापूरच्या घरी पोचली. आबा नव्या धोतरात, उद्घाटनाला अलिबागहून येणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबांच्या धास्तीत, इकडून तिकडे येरझारा घालत होते. त्यांनी ठकीकडे पाहिलंही नाही. देवघरात तीन टाक तबकात ठेवले होते. चौथा विमलच्या गळ्यात होता. "काढ तो," आबा म्हणाले. विमलने गोफ डोक्यातून काढला. टाक तबकात ठेवण्याआधी तिने पदराच्या टोकाने तो पुसला. गळ्याखाली त्याच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला होता. हिरूने नजर दुसरीकडे वळवली. तिला आज कोणाचीही कीव करायची नव्हती.

हिरूने ओटी भरली. आबा खूश झाले, पोरगी वळणावर आली म्हणून.

कर्जतला वाचनालयाची माडी माणसांनी भरली होती. मधोमध काचेची पेटी, आत तांबडी मखमल, तिच्यावर चार टाक आणि चार कोऱ्या पाट्या. साहेबांनी फीत कापली. आबांनी घराण्याची कीर्ती सांगितली, बैलांची सांगितली, गौराबाईंची सांगितली. टाळ्या चालू असतानाच जिन्यावर पावलं वाजली.

आधी कडावच्या बाया आल्या, टेंपो करून. सोनुबाईला दोघींनी धरून वर आणलं होतं, तिच्या पदरात तांदूळ, खण, नारळ. मागोमाग चौकच्या. मग नेरळकडच्या, त्यांच्या हातात खाचरातल्या नव्या भाताच्या लोंब्या. बाया येतच राहिल्या. पुरुष मागे सरकत भिंतीला लागले. आबांना पहिल्यांदा वाटलं, दवंडीला काय जोर आहे बघा. त्यांनी हात जोडले.

सोनुबाईने पेटीपुढे उभं राहून विचारलं, "आमची गोदू कंची?"

आबा हसले. म्हातारीला समजावल्यासारखे म्हणाले, सगळ्या गौराबाईच आहेत, कुठेही भरा.

"मी गौराची ओटी भराया नाय आली. गोदूची भराया आली. तुमची आई ती. कंची ते दाखवा."

आबांनी पेटीकडे पाहिलं. चार एकसारख्या बाया, चार वाट्या, चार चंद्र, चार सूर्य. त्यांनी एका टाकाकडे बोट केलं. बोट मधेच हललं आणि शेजारच्या टाकाकडे गेलं. माडीवर कोणीतरी खुदकन हसलं. चौकच्या बायांनी बायजाचं विचारलं, नेरळच्यांनी मथीचं. आबांना आपल्या आईचाही टाक ओळखता येत नाही, हे आता मागच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. आबा तापले. हा काय तमाशा, कोणी आणलं या बायांना, असं त्यांनी गोम्याला विचारलं. गोमा खिडकीतून बाहेर बघत होता.

मास्तरांनी शांतपणे दौतीचं झाकण उघडलं. ते म्हणाले, गौराबाई हे घराण्याचं नाव झालं, ते वर लिहू; खाली ज्यांचं त्यांचं लिहू. खोतांची हरकत आहे का? साहेबांनीच मान हलवली, हरकत कसली, उलट ऐतिहासिक माहिती आहे. झालं. साहेब बोलल्यावर आबा कुठे तोंड उघडणार? मास्तरांनी लिहिलं: गोदूबाई, माहेर कडाव. बायजाबाई, माहेर चौक. मथीबाई, माहेर नेरळ. कोणता टाक कोणाचा ते कळायला मार्ग नव्हता, तेव्हा तीन पाट्या टाकांपुढे नुसत्या ओळीने ठेवल्या. बायांनी चारही टाकांपुढे ओट्या भरल्या. सोनुबाईने काचेला कपाळ लावलं.

चौथी पाटी कोरी राहिली.

"ही कोनाची?" कोणीतरी विचारलं.

"ही बाजूला काढा," विमल म्हणाली. ती इतकी हळू बोलली की लोकांनी वळून पाहिलं. त्या घरातल्या बाईचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला होता. तिने पेटीच्या उघड्या झाकणातून हात घातला आणि एक टाक अचूक उचलला. "ही माझ्या गळ्यात होती. रोज न्हानीत माझ्याबरोबर न्हायली. मी हिला ताई म्हनते." मग हिरूकडे न बघता म्हणाली, "नाव नाय माहीत मला. विचारलं तवा मार खाल्ला."

आपण चावलेला तो हात हिरूला आठवला. तिने ठकीला विमलच्या कडेवर दिलं. पोर बिनातक्रार गेली आणि त्या फिकट डागावर बोट ठेवून बघू लागली. हिरू रिकाम्या हातांनी पेटीपुढे गेली.

मास्तरांनी तिला विचारलं, "ही तुमची आई ना? नाव सांगा."

"मी नाय सांगनार," हिरू म्हणाली. "नवरा हयात हाय. तुमची रीत काय हाय?"

मास्तरांनी बोरू शाईत बुडवला आणि आबांकडे तोंड करून थांबले. आबांनी घसा खाकरला. म्हणाले, फार वर्षं झाली, आता कुठलं आठवायला, गौरा म्हणूनच हाक मारायचो.

"आठवत नाय?" हिरूने विचारलं. आवाज चढवला नव्हता. "मग त्या सालच्या शर्यतीच्या बैलांची नावं सांगा."

आबांचा हात मिशीकडे गेला.

"सांगा ना आबा. माझी आई झोळीत मेली तवा गोठ्यात उभे होते ते बैल."

"पाखऱ्या नि कैदाशी," मागून एक म्हातारा सवयीने बोलून गेला आणि मग स्वतःच खाली बघायला लागला. त्या शर्यतीला सगळा तालुका गेला होता. फेटा बांधताना टाळ्या वाजवणारे यातलेच होते. कोणी कोणाकडे बघेना. भिंतीशी हिरूचा मामा, चिंधीचा धाकटा भाऊ चांगो उभा होता, तो फक्त आबांकडे बघत होता. साहेबांनी हातातला हार टेबलावर ठेवून दिला.

आबांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यावर खालपर्यंत बाया बसल्या होत्या, मांडीवर ओट्या घेऊन. भरल्या ओटीला ओलांडून जायचं नसतं.

"चिंधी," आबा म्हणाले. ओठ जेमतेम हलले.

मास्तरांचा बोरू जागचा हलला नाही. "ऐकू आलं नाही खोत."

मास्तरांचे कान शाबूत होते. परवा ठकीची उचकीदेखील त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली होती.

"चिंधी," आबा म्हणाले. या वेळी आवाज फाटला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. त्या माणसाने आयुष्यात हे नाव दोनदा उच्चारलं होतं आणि दोन्ही वेळा आत्ताच.

इतकी वर्षं हिरूला वाटत आलं होतं की हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की छातीतला निखारा विझेल. विझला नाही. उलट छान ऊब आली, थंडीत चुलीशी बसल्यासारखी. मास्तरांनी पाटी पुढे ओढली आणि बोरू टेकवणार, एवढ्यात हिरूने हात वर केला.

"थांबा मास्तर," ती म्हणाली. "जिन्यावरच्या बायांना ऐकू आलं नसंल."